कागदावर पन्नास ब्रास, जमिनीवर अठरा

बुलडोझरचे काम अंगावर घेण्यापूर्वी त्याचे खरे आउटपुट कसे काढावे?

सातारा-सांगली भागात आपल्यातील बरेच जण मातीकामाच्या धंद्याशी जोडलेले आहेत. कुणी ऑपरेटर आहे, कुणी जुनी मशीन घेऊन मालक झाला आहे, कुणाचे स्पेअर पार्ट्सचे दुकान आहे, तर कुणाचे वेल्डिंगचे किंवा हायड्रॉलिकचे गॅरेज. या धंद्यात एक कहाणी पुन्हापुन्हा ऐकू येते. ती एकाची नाही, अनेकांची आहे, म्हणून नाव घेण्याचे कारण नाही.

दहा-बारा वर्षे दुसऱ्याच्या डोझरवर घाम गाळलेला एक तरुण स्वतःची मशीन घ्यायचे ठरवतो. थोडी बचत, थोडे घरातले दागिने, उरलेले फायनान्स. जुना डोझर दारात येतो. घरात आनंद होतो, मोहल्ल्यात मिठाई वाटली जाते. पहिले काम मिळते. ठेकेदार विचारतो, "ब्रासला काय घेणार?" तरुणाला आठवते, मागच्या साली शेजारच्या तालुक्यात कुणी काय घेतले होते. त्यातून दोन रुपये कमी करून तो आकडा सांगतो आणि काम पक्के होते. उचलली जीभ, लावली टाळ्याला!

तीन महिन्यांनी तो थोरल्या चाचांपुढे बसलेला असतो. "चाचा, मशीन सकाळपासून अंधार पडेपर्यंत चालते. डिझेल रोज जाते. बिलही निघते. मग हप्त्याला पैसा का उरत नाही?" कुणी म्हणते नशीब, कुणी म्हणते नजर लागली. खरे कारण बहुधा साधे असते. ताशी किती माती हलते, हे न मोजताच त्याने माती हलवण्याचा भाव ठरवलेला असतो.

हे मोजमाप कसे करावे, हा या लेखाचा विषय आहे. त्यासाठी इंजिनिअर असण्याची गरज नाही. एक टेप, एक घड्याळ आणि एक वही पुरे.

मशीन कारागिरांनीच घडवली

बुलडोझर हे मोठ्या कंपन्यांच्या डोक्यातून निघालेले यंत्र आहे, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात १९२३ साली अमेरिकेतील कॅन्सस राज्यात जेम्स कमिंग्ज हा तरुण शेतकरी आणि अर्ल मॅक्लिऑड हा नकाशे काढणारा ड्राफ्ट्समन यांनी ट्रॅक्टरला पुढे पाते बसवले. तेलवाहिनीसाठी खोदलेले चर बुजवणे हा त्यांचा उद्देश होता. १९२५ मध्ये त्यांना त्याचे पेटंट मिळाले. म्हणजे या यंत्राची सुरुवात आपल्यासारख्याच हातांनी काम करणाऱ्यांनी केली.

आपल्या देशात १९६४ साली भारत अर्थ मूव्हर्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि कोलार गोल्ड फील्ड्स येथे बुलडोझर तयार होऊ लागले. आपल्या भागाला अवजड यंत्रांची ओळख त्याआधीच, १९५० च्या दशकात कोयना धरणाच्या कामाने झाली होती. पुढे वाईजवळ कृष्णेवर धोम, वेण्णेवर कण्हेर, चांदोलीला वारणा ही धरणे झाली. १९९६ साली महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले. कृष्णेच्या पाण्याबाबत बच्छावत लवादाचा जो निवाडा १९७६ साली लागू झाला, त्याचा फेरविचार ३१ मे २००० नंतर होऊ शकणार होता. त्याआधी आपल्या वाट्याचे पाणी अडवण्याची राज्याला घाई होती. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांच्या कालव्यांनी सांगलीच्या पूर्व भागात मातीकामाची कामे आणली. जुना राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४, ज्याला आता ४८ म्हणतात, त्याच्या रुंदीकरणानेही कामे दिली. डिसेंबर २०१४ मध्ये जलयुक्त शिवार अभियान आले. २०१६ साली पानी फाउंडेशनची पहिली वॉटर कप स्पर्धा राज्यातील ज्या तीन तालुक्यांत झाली, त्यांत आपला कोरेगाव होता आणि त्याच तालुक्यातील वेळू गाव पहिले आले.

या काळात पोकलेन आणि जेसीबी यांनी डोझरचे बरेच काम आपल्याकडे ओढून घेतले, हे खरे. तरी भराव पसरणे, मोठे सपाटीकरण, वरचा थर काढणे आणि रिपरने कठीण मुरूम फोडणे यात चेन डोझरला अजून मागणी आहे. मागणी आहे म्हणून नफा मात्र आपोआप होत नाही.

आधी माप कोणते, ते ठरवा

माती एकच, पण तिची मापे तीन आहेत. इथेच पहिला घोटाळा होतो.

पहिले माप जमिनीतल्या मातीचे, म्हणजे हात न लागलेल्या जागेचे. खड्ड्याची लांबी, रुंदी आणि खोली घेऊन ते निघते. दुसरे माप सुट्या मातीचे. खोदल्यावर माती फुगते. ढिगात किंवा ट्रकमध्ये आपण जी पाहतो ती सुटी माती. तिसरे माप दाबलेल्या मातीचे. भराव घालून रोलर फिरवल्यावर माती बसते आणि बहुधा मूळच्यापेक्षाही थोडी कमी भरते.

साधारण माती किंवा मुरूम खोदल्यावर चौथ्या हिश्शाने फुगतो, असे ढोबळ मानाने धरतात. म्हणजे जमिनीतले १०० घनमीटर बाहेर आल्यावर १२५ होतात. चिकण काळी माती याहून जास्त फुगते. सुरुंगाने फोडलेला काळा पाषाण दीडपट किंवा त्याहूनही अधिक होतो.

आता विचार करा. डोझरच्या ब्लेडपुढे दिसते ती सुटी माती. सरकारी कामाच्या मेजरमेंट बुकात खोदाई लिहिली जाते ती जमिनीतल्या मापाने. भरावाचे पैसे मिळतात ते दबाईनंतरच्या मापाने. ऑपरेटर ढीग पाहून "आज शंभर ब्रास काढले" म्हणतो आणि ओव्हरसियर खड्डा मोजून ऐंशी लिहितो, तेव्हा दोघेही खरे बोलत असतात. फक्त दोघांची मापे वेगळी असतात. मापात पाप नसते, पण माप न ठरवण्यात भांडण नक्की असते.

आपल्याकडचा ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे २.८३ घनमीटर. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा.

कंपनीचा आकडा खोटा नाही, पण आपला नाही

मशीन विकणाऱ्याकडे एक आलेख असतो. अमुक मॉडेल, अमुक अंतर, ताशी इतके घनमीटर. अनेकांना वाटते की कंपनी फुगवून सांगते. तसे नाही. तो आकडा आदर्श परिस्थितीचा असतो आणि त्या अटी बारीक अक्षरात खाली छापलेल्या असतात. तासात पूर्ण ६० मिनिटे काम, पट्टीचा ऑपरेटर, पहिल्या पंधरा मीटरमध्ये ब्लेड भरणार, पुढे माती नुसती ढकलायची आणि उंच कड्यावरून खाली सोडून द्यायची. शिवाय तो आकडा सुट्या मातीचा.

जत किंवा माणच्या माळावर असा कडा कुठून आणायचा? तासात साठ मिनिटे कोणाची मशीन चालते? म्हणूनच त्याच हस्तपुस्तिका पुढे सांगतात की या आकड्याला तुमच्या परिस्थितीच्या गुणकांनी गुणा. आपण पहिले पान वाचतो आणि दुसरे सोडून देतो.

हे गुणक साधारण असे आहेत. ऑपरेटर उत्तम असेल तर १, मध्यम असेल तर ०.७५, नवखा असेल तर ०.६०. माती कापायला कठीण असेल तर ०.८० च्या आसपास किंवा त्याहून कमी. फोडलेला दगड असेल तर ०.६० ते ०.८०. धूळ, पाऊस, धुके किंवा अंधार असेल तर ०.८०. तासात ५० मिनिटे प्रत्यक्ष काम होत असेल तर ०.८३ आणि ४० मिनिटेच होत असेल तर ०.६७.

हे गुणक एकमेकांना गुणायचे असतात. एकेकटा आकडा पाहिला तर फारसा वाटत नाही. तीन-चार एकत्र आले की अर्धे काम गायब होते.

एक हिशोब करून पाहू

समजा एका मध्यम डोझरचे सरळ ब्लेड ३.४ मीटर लांब आणि १.१ मीटर उंच आहे. सरळ ब्लेडपुढे किती सुटी माती मावते याचा ढोबळ नियम असा: उंचीला उंचीने गुणा, त्याला लांबीने गुणा आणि येईल त्याचे ८० टक्के घ्या. १.१ गुणिले १.१ म्हणजे १.२१. त्याला ३.४ ने गुणले की ४.११. त्याचे ८० टक्के म्हणजे साधारण ३.३ घनमीटर.

माती ४० मीटर ढकलायची आहे. जाताना ताशी ३ किलोमीटर, म्हणजे मिनिटाला ५० मीटर. जायला ०.८० मिनिट. रिकामे मागे येताना ताशी ५ किलोमीटर, त्याला ०.४८ मिनिट. गिअर बदलणे आणि ब्लेड उचलणे-टेकवणे यांचे ०.१२ मिनिट. एकूण खेप १.४० मिनिटांची. तासाला साधारण ४३ खेपा. खेपेला ३.३ घनमीटर धरले तर ताशी १४१ घनमीटर, म्हणजे ५० ब्रास.

हा झाला कागद. आता जमिनीवर या. ऑपरेटर मध्यम, ०.७५. मुरूम कठीण, ०.८०. तासात प्रत्यक्ष काम ४५ मिनिटे, ०.७५. तिन्ही गुणले की ०.४५. १४१ चे झाले ६३.५ घनमीटर, तेही सुटे. बिल जमिनीतल्या मापाने निघणार असेल तर त्याला १.२५ ने भागा. उरले ५१ घनमीटर, म्हणजे १८ ब्रास.

मशीन तीच, ब्लेड तेच, डिझेलही तेवढेच. कागदावर पन्नास ब्रास, जमिनीवर अठरा.

पंधरा मिनिटे कुठे गेली, असे कुणी विचारेल. डिझेल भरणे, ग्रीस मारणे, चहा, पाइप गळला, बांधावर कुणी हरकत घेतली, लेव्हल घेणारा माणूस आला नाही, पुढे टिपर आडवा उभा, खाली मोठा धोंडा लागला. यातले एकही कारण गुन्हा नाही. पण प्रत्येकाची मिनिटे आपल्याच खिशातून जातात.

टेप आणि घड्याळाची चाचणी

वरचा हिशोब घरी बसून करायचा. खरी परीक्षा जागेवर. काम पक्के करण्यापूर्वी अर्धा दिवस मशीन त्याच जमिनीवर चालवून पाहण्याची परवानगी मागावी. समजदार ठेकेदार नाही म्हणत नाही, कारण अर्ध्यात काम सोडून जाणारा मशीनवाला त्यालाही नको असतो.

चाचणी अशी करा. ऑपरेटरला नेहमीप्रमाणे ब्लेड भरून माती सपाट जागेवर आणायला सांगा. तिथे थांबून, किंचित पुढे सरकत ब्लेड उचलायचे, म्हणजे ढीग दोन्ही बाजूंनी सारखा पडतो. मग मशीन मागे घ्यायची. आता ढीग मोजा. दोन्ही चेनच्या खुणांच्या आतल्या कडेशी ढिगाची उंची घेऊन सरासरी काढा. त्याच दोन ठिकाणी ढिगाची रुंदी, म्हणजे मशीन ज्या दिशेने जाते त्या दिशेचे माप घेऊन सरासरी काढा. लांबी, म्हणजे ब्लेडच्या दिशेने जास्तीत जास्त जेवढी भरेल तेवढी. उंची, रुंदी आणि लांबी यांचा गुणाकार करून ०.३७५ ने गुणा. मापे मीटरमध्ये असतील तर उत्तर घनमीटरमध्ये येते. असे चार-पाच ढीग मोजून सरासरी घ्या.

मग घड्याळ. ऑपरेटरला न सांगता वीस खेपांचा वेळ घ्या. मालक समोर उभा आहे म्हटल्यावर प्रत्येक जण वेगाने चालवतो. तो वेग संध्याकाळपर्यंत टिकत नाही.

समजा सरासरी ढीग ०.९ मीटर उंच, २ मीटर रुंद आणि ३.६ मीटर लांब भरला. गुणाकार ६.४८, त्याला ०.३७५ ने गुणले की २.४३ घनमीटर. ब्लेडची क्षमता ३.३ होती, पण कठीण मुरमात ब्लेड पूर्ण भरतच नाही, हे इथे समजले. खेप सरासरी १.९ मिनिटांची. तासाला ३१.६ खेपा, म्हणजे ७६.८ घनमीटर सुटी माती. ४५ मिनिटांच्या तासाने ५७.६. जमिनीतल्या मापाने ४६ घनमीटर, म्हणजे सव्वासोळा ब्रास.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. चाचणीत ऑपरेटर आणि मातीचा गुणक पुन्हा लावायचा नाही. ऑपरेटरचा हात आणि मातीचा कठीणपणा घड्याळात आणि ढिगात आधीच आलेला असतो. तोच गुणक दोनदा लावला तर भाव इतका चढेल की काम दुसरा घेऊन जाईल. नुकसान जसे कमी भावाने होते, तसे काम हातचे गेल्यानेही होते.

घरचा हिशोब १८ सांगतो, जागेवरची चाचणी १६ सांगते. दोन्ही जवळ आले म्हणजे हिशोब बरोबर आहे. भाव लहान आकड्यावर ठरवावा. दोन्हींत फार अंतर पडले, तर समजावे की कुठेतरी चुकले आहे आणि पुन्हा मोजावे.

आणि शेवटचा न्याय खड्ड्याचा. पहिल्या आठवड्यात रोज संध्याकाळी खोदलेली जागा मोजून घनमीटर काढा आणि त्या दिवसाच्या तासांनी भागा. या आकड्यात धूळ, चहा, बिघाड सगळे आपसूक येते.

पाटणची मशीन जतला नेली तर

एका ठिकाणचा आकडा दुसरीकडे चालत नाही, हे आपल्या दोन जिल्ह्यांइतके चांगले क्वचितच कुठे दिसेल. महाबळेश्वरला वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून शंभर किलोमीटरच्या आत असलेल्या माण तालुक्यात तो पाचशेच्या आसपास राहतो. पाटण, जावळी, महाबळेश्वर भागात जून ते सप्टेंबर मशीन उभीच समजा. हप्ता मात्र बाराही महिने सुरू असतो. म्हणून तिथल्या कामाचा भाव आठ महिन्यांच्या कमाईत बारा महिन्यांचा खर्च निघेल असा असायला हवा.

महाबळेश्वर-पाचगणीचा जांभा वेगळा, वाळवा-मिरज-पलूस पट्ट्यातली कृष्णाकाठची खोल काळी माती वेगळी. काळी माती कोरडी असताना ढेकळे होऊन निघते, ओली झाली की ब्लेडला आणि चेनला चिकटते. एका चांगल्या पावसानंतर दोन-चार दिवस मशीन आत घालता येत नाही. घातली तर रुतते आणि बाहेर काढायला दुसरी मशीन आणावी लागते. जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडे मातीचा थर पातळ. वर वीतभर माती, खाली मुरूम आणि त्याखाली पाषाण. पहिल्या दिवशी भरपूर काम निघते म्हणून खूश होऊन भाव ठरवला आणि चौथ्या दिवशी कठीण थर लागला, असे होते. तिथे काम घेण्यापूर्वी दोन-तीन ठिकाणी चाचणीचे खड्डे घेऊन खाली काय आहे ते पाहावे. शेजारच्या विहिरीत डोकावले तरी बरेच कळते.

खर्च न वाढवता काम कसे वाढेल?

आउटपुट कमी निघाले म्हणून निराश होण्याचे कारण नाही. ते वाढवण्याचे काही उपाय फुकटचे आहेत.

पहिला उपाय उताराचा. शंभर मीटरला दहा मीटर उतार मिळाला आणि माती खालच्या दिशेने ढकलली, तर काम साधारण पाचव्या हिश्शाने वाढते. तेवढ्याच चढावर ढकलली तर तेवढेच कमी होते. कामाची दिशा सकाळी मशीन सुरू करण्यापूर्वी ठरवावी.

दुसरा उपाय चर पाडून ढकलण्याचा. दर खेपेला नव्या जागेतून गेल्यास माती दोन्ही बाजूंनी सांडते. एकाच वाटेने गेल्यास दोन्ही बाजूंना मातीची वरंबी तयार होते, ब्लेडची माती आत राहते आणि काम २० टक्क्यांपर्यंत वाढते. मधली वरंबी शेवटी काढता येते.

हे दोन्ही उपाय जमले तर आपल्या हिशोबातले १८ ब्रास २६ च्या आसपास जातात. डिझेल तेवढेच.

तिसरी गोष्ट अंतराची. ४० मीटरऐवजी ८० मीटर ढकलायचे ठरले तर तासाच्या ४३ खेपांच्या साधारण २२ होतात, म्हणजे काम निम्म्यावर येते. शंभर मीटरच्या पुढे डोझरने माती ढकलणे बहुधा परवडत नाही. तिथे पोकलेन आणि टिपर घ्यावेत. ब्रासचा भाव बोलताना अंतर किती, हे विचारल्याशिवाय आकडा सांगूच नये.

चौथी गोष्ट आपल्या कारागीर बंधूंशी संबंधित आहे. ब्लेडची कटिंग एज आणि कोपऱ्याचे एंड बिट झिजले की ब्लेड जमिनीत शिरत नाही. ऑपरेटर जोर लावतो, चेन जागेवर घसरते आणि डिझेल जळते. बहुतेक कटिंग एज उलटवून दुसरी धार वापरता येते. ती वेळेवर उलटवली नाही तर झीज मूळ ब्लेडपर्यंत पोहोचते आणि मग काम मोठे होते. चेन, रोलर, आयडलर आणि स्प्रॉकेट या खालच्या भागावर देखभालीचा निम्म्याच्या आसपास खर्च जातो. चेनचा ताण योग्य ठेवणे आणि संध्याकाळी अडकलेली माती काढणे, एवढे केले तरी त्यांचे आयुष्य वाढते. गॅरेजवाल्याने गिऱ्हाइकाला नुसते "एज बदला" म्हणण्यापेक्षा झिजलेल्या आणि नव्या एजवरच्या वीस-वीस खेपा मोजून दाखवाव्यात. मग गिऱ्हाईक किमतीवर हुज्जत घालत नाही.

आता भाव

समजा सर्व धरून मशीनचा ताशी खर्च ३,००० रुपये येतो. यात डिझेल, ऑइल, ग्रीस, ऑपरेटर-हेल्परचा पगार, चेन आणि एजची झीज, ट्रेलरने ने-आण, विमा, हप्ता आणि पावसाळ्यात उभ्या मशीनचा भार, सगळे आले पाहिजे. प्रत्येकाने आपला आकडा आपल्या वहीतून काढावा. हा केवळ उदाहरणापुरता आहे.

कागदावरच्या ५० ब्रासने भागले तर ब्रासला ६० रुपये खर्च. आपला तरुण खूश होतो आणि ९० रुपये भाव सांगतो. त्याच्या मते ब्रासला ३० रुपये नफा. प्रत्यक्षात १८ ब्रास निघतात. कमाई १,६२० रुपये, खर्च ३,०००. तासाला १,३८० रुपये तोटा. आठ तासांच्या दिवसाला ११,०४०. पंचवीस दिवसांच्या महिन्याला २ लाख ७६ हजार. मशीन जितकी जास्त चालेल तितका खड्डा मोठा. चाचांपुढे बसलेल्या तरुणाच्या प्रश्नाचे उत्तर हेच आहे.

१८ ब्रासने खरा खर्च ब्रासला १६७ रुपये येतो. चर आणि उतार साधून २६ ब्रास काढले तर तो ११५ वर येतो. म्हणजे शहाणपणाने काम करणारा कमी भावातही टिकू शकतो, पण मोजल्याशिवाय कोणीच टिकत नाही. पोकलेन किंवा जेसीबीलाही हीच रीत लागू आहे. तिथे ब्लेडच्या जागी बकेट आणि खेपेच्या जागी बकेटची फेरी, एवढाच फरक.

जमीन अनोळखी असेल, खाली काय आहे ते माहीत नसेल, तर तासाच्या भावाने काम घ्यावे. ब्रासचा भाव त्यानेच सांगावा ज्याने जमीन मोजली आहे.

तोंडी नको, लेखी हवे

आपल्या धंद्यात शब्दाला मान आहे आणि तो राहायला हवा. पण शब्द आठवण्यात फरक पडतो. म्हणून काम सुरू होण्यापूर्वी एका कागदावर पुढील गोष्टी लिहून दोघांनी सह्या कराव्यात. माप जमिनीतले, सुटे की दाबलेले. ढकलण्याचे अंतर जास्तीत जास्त किती आणि त्यापुढे भाव काय. मुरूम आणि कठीण थराचा भाव वेगळा की एकच. पाषाण लागल्यास काय करायचे. ठेकेदारामुळे मशीन उभी राहिल्यास तासाला काय मिळणार. माप कोण घेणार, किती दिवसांनी घेणार आणि त्यावेळी आपला माणूस हजर असणार की नाही. ट्रेलरचा खर्च कोणाचा.

आणि रोजची वही. तारीख, जागा, मातीचा प्रकार, मीटरचे तास, डिझेल, थांबलेली मिनिटे व त्याचे कारण, संध्याकाळचे माप. वर्षभर अशी वही ठेवली तर पुढच्या वर्षी आपल्याकडे कंपनीच्या आलेखापेक्षा मोलाचा आकडा असेल. तो आपल्या मशीनचा, आपल्या ऑपरेटरचा आणि आपल्या मातीचा असेल.

नवी मशीन घेण्याच्या विचारात असलेल्या तरुणांना एकच विनंती. फायनान्सच्या कागदावर सही करण्यापूर्वी ओळखीच्या मालकाच्या मशीनमागे एक दिवस टेप आणि घड्याळ घेऊन उभे राहा. वीस खेपा मोजा, चार ढीग मोजा, संध्याकाळी खड्डा मोजा. त्या एका दिवसाची मजुरी बुडेल. घरातले दागिने मात्र सुरक्षित राहतील.